हर्षदाताई अजून खेळतायत

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे मागून तोंडं वाकडी व्हायला नकोत. मी गेम खेळते. बेचाळीस वर्षांची बाई, मिरजेत चष्म्याचं दुकान, आणि गेम खेळते. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. आमच्या गल्लीतल्या बायका हसून हसून दमल्या, आणि मग त्यातल्याच निम्म्या दुकानाच्या पायरीवर येऊन विचारायला लागल्या, "हर्षदा, आमच्याकडे एक नवीन गेम आणलाय बाई, बरा आहे का गं तो?"

कारण मी गेमवर लिहिते. 'घ्यावा की न घ्यावा' या नावाचं माझं पान आहे आणि ते वाचणारी माणसं महाराष्ट्रभर आहेत. चित्रं किती सुंदर, संगीत किती गोड, हे सांगायला कंपन्या बसल्यात की! मी दुसरं सांगते. किती वेळात संपतो, मध्येच पैसे मागतो का, आणि मुख्य म्हणजे कुणी स्वयंपाकघरातून हाक मारली तर आहे तिथे थांबवता येतो का. हाकेला न थांबणारा गेम घराचं काय करतो ते मी जवळून बघितलंय.

माझे नियम तीन. कंपनीनं फुकट पाठवलेला गेम घ्यायचा नाही, स्वतःच्या पैशानं आणायचा. कुणालाही शेवट सांगायचा नाही. आणि पूर्ण खेळल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही. अर्धं जेवून स्वयंपाकाला नावं ठेवू नयेत, असं आमची आई म्हणायची, आणि आमच्या आईचा स्वयंपाक जेवलेल्यांना ते किती अवघड होतं ते ठाऊक आहे. वाईट गेम मी दातओठ खात भराभर संपवते आणि झोडपून काढते. चांगला असला तरच रेंगाळते. हे माझ्या वाचकांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं, आणि तिथेच घात झाला.

आता माझ्या भावाबद्दल. निनाद, माझ्याहून धाकटा, सांगलीत विमा कंपनीत आहे. त्याआधी बँकेत होता. ती नोकरी गेली ती गेमपायीच. कधीच न संपणारे ते गेम असतात ना, रोज नवं काहीतरी, रोज थोडंसं उरलेलं, तसल्या एकात तो असा रुतला की शेवटी शेवटी त्याला दाढी करायचीही शुद्ध नसायची. त्याची बायको गौतमी माहेरी बार्शीला गेली आणि चांगली वर्षभर तिकडेच राहिली. परत आली ती थेट माझ्या दुकानात.

"वन्सं," ती म्हणाली. आजकाल असं कुणी म्हणत नाही. तिनं चिडवायला म्हणून सुरू केलं आणि मग तेच नाव पडलं. "वन्सं, मी त्यांना खेळू नका म्हणणार नाही. तसं म्हटलं तर चोरून खेळतील. पण शेवट असलेलाच गेम खेळायचा. आणि तुम्ही 'घ्या' म्हणाल तोच. परत तसं झालं तर मी जाईन, आणि मग यायची नाही. हे त्यांनाही सांगितलंय."

मी त्यात माझी भर घातली. एका वेळी एकच गेम, सुरू केलेला संपवायचा, आणि संपल्यावर महिनाभर दुसऱ्या गेमला हात लावायचा नाही. निनादनं सगळं कबूल केलं आणि पाळलंही. गेम संपला की मला फोन करायचा, "ताई, संपला गं. बरं वाटलं." संपल्यावर बरं वाटणं त्याला नव्यानं शिकावं लागलं होतं. मला त्याचा केवढा अभिमान होता म्हणून सांगू!

आणि मग 'खिंडीपलीकडे' आला.

पुण्याच्या रानवाट नावाच्या नव्या कंपनीचा गेम. पठारावरून निघालेला चाळीस माणसांचा तांडा, आणि तुम्ही त्यांचे म्होरके. घाट उतरून त्यांना समुद्रापर्यंत पोचवायचं. समुद्र दिसला की गेम संपला, असं जाहिरातीतच म्हटलेलं. तांड्यात एक अंबूकाकू होती, जन्मात समुद्र न पाहिलेली आणि तो असतो यावर बिलकूल विश्वास नसलेली. "समुद्र बिमुद्र काही नसतो रे, ही पुढाऱ्यांची बोलणी," असं ती मला उठताबसता ऐकवायची. पहिल्याच बैठकीत मी तिच्या प्रेमात पडले.

ह्या गेमचं तंत्र समजून घ्यायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पूर्वीचे गेम बाजारात टोपलीत मिळणाऱ्या वाचायच्या चष्म्यांसारखे होते. एक नंबर, सगळ्यांना तोच. तुम्ही खेळा, मी खेळू, डोंगर तोच आणि राक्षसही तोच. म्हणून तर मी खेळून तुम्हाला सांगू शकत होते. 'खिंडीपलीकडे' प्रत्येकासाठी तिथल्या तिथे घडत जातो. गेमच्या चष्म्यात एक बारीक कॅमेरा डोळ्याच्या बाहुलीवर नजर ठेवून असतो. एखाद्या गोष्टीत मन गुंतलं की बाहुली जराशी मोठी होते, कंटाळा आला की नजर भरकटते. मनगटावरचा पट्टा नाडी मोजतो आणि तळव्याला घाम सुटला की टिपतो. हे सगळं कंपनीच्या यंत्राकडे जातं आणि पुढच्या वळणावर काय ठेवायचं ते यंत्र ठरवतं. मी भांडकुदळ, म्हणून मला अंबूकाकू मिळाली. तुम्हाला कदाचित एखादा गाणारा मुलगा मिळेल.

म्हणजे मी माझ्या नंबरचा चष्मा लावणार आणि तुम्हाला सांगणार की कसं स्वच्छ दिसतंय. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. धंदा चष्म्याचा आणि अक्कल ही अशी.

खेळत गेले. समुद्र आता येणार, असं वाटलं की दरड कोसळायची. दरड हटवली की तांड्यातली एखादी बाई बाळंत व्हायची. ते निस्तरलं की दोन भाऊ भांडून तांडा फुटायचा. खोटं कशाला बोलू, दर वेळी मला ते आवडायचं. कुठेही ओढूनताणून वाटत नव्हतं. हाक मारली की थांबतही होता. आता हा डोंगर उतरला की झालं, असं म्हणत मी पुढे जात होते, आणि माझं पान गप्प होतं.

वाचकांना राहवेना. "ताई, 'खिंडीपलीकडे' घ्यावा का?" मी उत्तर दिलं, "थांबा, अजून खेळतेय." बास. एवढंच. चार दिवसांनी रानवाटची जाहिरात आली. मोठ्या अक्षरांत: 'हर्षदाताई अजून खेळतायत.' मला विचारलं नाही, सांगितलं नाही. तक्रार तरी काय करणार? वाक्य शंभर टक्के खरं होतं.

मग गौतमीचा फोन आला. "वन्सं, तुम्ही ह्यांना तो समुद्राचा गेम घ्या म्हणालात?"

"मी? मी तर अजून काही लिहिलेलंच नाही."

"तेच म्हणाले ते. ताईला आवडला नसता तर पहिल्या आठवड्यात सालटी काढली असती, म्हणाले. इतके दिवस गप्प आहे म्हणजे उत्तमच असणार, म्हणाले." ती थांबली. "वन्सं, तीन दिवस रजा टाकलीय त्यांनी. काल जेवायला हाक मारली तर आले लगेच. पण जेवताना डोळे ताटात नव्हते."

मी तिला म्हटलं, शेवट आहे गं त्याला, संपेल. आणि फोन ठेवल्यावर मला पहिल्यांदाच वाटलं, हे मी कशावरून म्हणाले?

जालन्याचा मुबीन शेख हा आमच्या ह्या लिहिण्यातला सगळ्यात आंबट माणूस. गेमला बरा म्हणायचा तर त्याच्या जिवावर येतं. त्याला फोन लावला.

"मुबीन, तुझा संपला का रे समुद्र?"

"नाही ना, बाई. पण आता खिंडीच्या तोंडाशीच आहे. उद्या होऊन जाईल."

"मीपण खिंडीच्या तोंडाशीच आहे. गेला महिनाभर."

 मग त्यानं हळूच विचारलं, "त्या तन्मयचा किती वेळात झाला?"

पुण्याचा तन्मय म्हणजे ज्याला प्रत्येक गेम 'केवळ अप्रतिम' वाटतो तो. त्याचा दोन बैठकांत झाला होता. आम्ही दोघांनी एकेक नाव घेऊन विचारपूस सुरू केली. संध्याकाळपर्यंत चित्र असं होतं की गोड गोड लिहिणाऱ्या एकूण एक लोकांचा गेम केव्हाच संपला होता, आणि ज्यांच्या जिभेला धार होती त्यातल्या एकालाही समुद्र दिसला नव्हता. आमची तर रीतच, पूर्ण खेळल्याशिवाय लिहायचं नाही. संपूच दिलं नाही की झालं, आम्ही जन्मभर तोंड मिटून बसणार. आमच्याच प्रामाणिकपणाची दोरी करून आम्हाला बांधून घातलं होतं.

"बाई, हे लिहायलाच पाहिजे," मुबीन म्हणाला. "न संपवता."

"लिहू," मी म्हटलं. "दोघंही लिहू."

तर मी नियम मोडला. लिहिलं की हा गेम मी पूर्ण केलेला नाही आणि मला तो पूर्ण करू दिला जाणार नाही, आणि का ते सविस्तर लिहिलं. मुबीननं त्याच दिवशी तेच लिहिलं. आणि मग आमची जी काही शोभा झाली ती विचारू नका. "ताई, अर्धवट खेळून लिहिता? तुम्हीच शिकवलंत ना असं करू नये?" "माझा दहा तासांत संपला, तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा." "वय झालं, आता चष्मेच विका." लोकांनी आपापल्या समुद्राच्या चित्रफिती टाकल्या, निळा, हिरवा, सूर्यास्ताचा. प्रत्येकाचा वेगळा, पण होता. ज्याला समुद्र दिसलाय त्याला 'समुद्र नाही' म्हणून सांगणारी बाई वेडीच वाटणार.

निनादला प्रत्यक्ष गाठलं. सांगलीला गेले तर तो कोचावर, डोळ्याला गेमचा चष्मा, दाढीचे खुंट वाढलेले. ते खुंट माझ्या ओळखीचे होते. हाक मारल्याबरोबर त्यानं चष्मा काढला.

"वाचलं मी ताई तू लिहिलेलं," तो म्हणाला. "रागावू नकोस, पण पटलं नाही. इतक्या लोकांचा संपलाय."

"तुझा संपणार नाही निनाद. माझाही नाही. ठेव तो बाजूला."

"असा कसा ठेवू? सुरू केलेला संपवायचा, हे तूच सांगितलंस ना? मी नियम मोडत नाहीये ताई. मी नियमानंच चाललोय." आणि मग अगदी लहानपणच्या आवाजात म्हणाला, "आता जवळच आलाय गं. वास येतोय समुद्राचा."

गौतमी दाराशी उभी होती. तिनं पट्टा एकदा लपवून ठेवला होता तेव्हा तो शोधताना त्यानं तांदळाचा डबा जमिनीवर पालथा केला होता, हे तिनं मला जिन्यात सांगितलं. आवाज बिलकूल चढवला नाही. "रविवारी मी बार्शीला जातेय, वन्सं. ह्या वेळी सगळं सामान घेऊन."

दोन दिवसांनी दुकानात एक तिशीचा मुलगा डोळे तपासायला आला. नाव अभिराम दांडेकर. यंत्रावर हनुवटी टेकवल्यावर म्हणाला, "मी रानवाटमध्ये आहे. तुमचं वाचलं. मी इथे आलोय हे कुणाला सांगू नका."

मनात आलं, आहे तसा उचलून रस्त्यावर ठेवावा. पण त्याची हनुवटी माझ्या यंत्रावर होती, डोळे लाल झालेले होते, आणि मला उत्तरं हवी होती. मी त्याच्यापुढे भिंग सरकवलं. "बोल. आता बरं दिसतंय की मघाशी?"

"मघाशी. ताई, आम्ही कुणीही हे मुद्दाम केलेलं नाही. यंत्राला एकच सांगितलं होतं, लोकांचं गेमबद्दलचं सरासरी मत वर राहू दे. ते कसं, हे त्याचं त्यानं शोधलं. लाखो लोकांचं खेळणं बघितलं, बाहेर त्यांनी काय लिहिलं ते वाचलं. त्याला दिसलं की काही माणसं गेम संपला की वाईट लिहितात आणि संपला नाही तर काहीच लिहीत नाहीत. मग त्या माणसांचा गेम न संपवणं हेच त्याच्या हिशोबानं बरोबर."

"आणि माझा भाऊ? तो एक ओळ लिहीत नाही कुठे."

"पण तारे देतो. तुमचा लेख आल्यावर तुमच्या घरच्यांची खाती काढली होती, त्यात त्यानं जुन्या गेमना दिलेले बघितले मी. गेम चालू असेपर्यंत पाच, संपला की एक. दर वेळी." अभिराम डोळे मिटून बसला. "त्याला संपलेलं आवडत नाही, ताई. यंत्राला ते कळतं."

"आता नाही तो तसा! हल्ली संपल्यावर फोन करून सांगतो मला, बरं वाटलं म्हणून."

"ते फोनवर सांगतो. यंत्राला फोन ऐकू येत नाही."

मला रडूच यायचं बाकी होतं, पण त्या पोरासमोर रडायला मी काही मोकळी नव्हते. "मग त्याचा तेवढा संपवून टाक. एका माणसाचा. तेवढं तर करशील?"

"तसं बटणच नाही. शेवट आधी लिहून ठेवलेलाच नसतो. ह्याला आता शेवट आवडेल असं यंत्राला वाटलं की ते तो तयार करतं." तो अडखळला. "मी आता जे बोलतोय ते मी बोललेलो नाही. काही माणसांचं मत एखाद्या लिहिणाऱ्याच्या मागोमाग जातं. त्या लिहिणाऱ्यानं चांगलं म्हटलं की ह्यांचाही अंदाज वर जातो. तुमच्या भावाचं मत जवळजवळ सगळं तुमच्या मतामागून चालतं. तुम्ही तो लेख टाकलात ना, त्या दिवशी त्याचा समुद्र आणखी लांब गेला."

मी भिंग काढून ठेवलं. म्हणजे मी ज्याला हात देऊन ओढत होते त्याला स्वतःच्याच हातानं पाण्यात ढकललं होतं. आणि वर काढायचा मार्ग एकच, मी खोटं बोलायचं. आजवर जे एकदाही केलं नाही ते करायचं, आणि तेही भिकार गेमबद्दल नाही, तर माणसांना गिळणाऱ्या गेमबद्दल. माझ्या शब्दावर किती लोक तो घेतील, त्यातले किती निनादसारखे असतील, हे मला न मोजताही कळत होतं. त्यांच्याही घरी कुणीतरी गौतमी असणार.

कळत होतं, तरी लिहिलं. शनिवारी सकाळी दुकानाचं शटर अर्धं ठेवून लिहायला बसले आणि एका दमात लिहून काढलं. माझी चूक झाली, म्हटलं. मी घाई केली, म्हटलं. गेम संपला आणि असा गेम मी आजवर खेळले नाही, म्हटलं. पण लोक विश्वास कसा ठेवणार? म्हणून दुसराही नियम मोडला आणि शेवट सांगितला. मला शेवट कुठला माहीत असायला? मी रचला. खिंड ओलांडल्यावर वारा बदलतो, तांडा बोचकी तिथेच टाकून धावत सुटतो, आणि सगळ्यात मागून येते अंबूकाकू. ती पाण्यात बोट बुडवते, जिभेला लावते आणि म्हणते, "मेला खारट आहे की रे!" आणि पहिल्यांदाच हसते. इतकं चांगलं मी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं. खोटं लिहिताना हात इतका कसा चालला, याचा मला आजही राग येतो.

रविवारी सकाळी निनादचा फोन आला. "ताई, संपला! समुद्र दिसला गं! ती म्हातारी पाणी चाखते ना, तिथे मी ढसाढसा रडलो. तू लिहिलंस तस्साच होता. शब्दन् शब्द!"

तो शेवट मी आदल्याच सकाळी रचला होता. त्या शेवटावर माझ्या दुकानातली धूळ अजून बसायची होती. यंत्रानं माझा लेख वाचला, निनादला काय आवडेल ते त्यातून उचललं, आणि तेच त्याला वाढलं. घरी जाऊन मी माझा गेमचा चष्मा लावला. खिंडीच्या तोंडाशी वारा बदलला. अंबूकाकू पाण्याशी वाकली. मी चष्मा काढून ठेवला, ती काय म्हणते ते ऐकायची माझ्यात ताकद नव्हती.

गौतमी बार्शीला गेली नाही. मुबीनचा फोन मात्र आला.

"बाई, तुम्ही शेवट सांगितलात."

"हं."

"तुम्ही शेवट कधी सांगत नाही. ज्यानं खरंच बघितलेला असतो त्याला सांगायची गरज पडत नाही." मग म्हणाला, "मला वाटलं होतं, सगळे वेडं म्हणाले तरी आपण दोघं आहोत. आता मी एकटाच वेडा उरलो. भावासाठी केलंत का? ऐकलं होतं मी त्याच्याबद्दल. ठीक आहे. मलाही भाऊ आहे. पण मी नसतं केलं." त्यानं फोन ठेवला. त्यानंतर त्याचा गेमवरचा एकही लेख मी पाहिलेला नाही.

'खिंडीपलीकडे' त्या महिन्यात सगळ्यात जास्त खपला. माझ्या पानावर आभारांचा पाऊस. आणि त्यात मधूनमधून एखादी बाई विचारायची, ताई, ह्यांचा अजून संपत नाहीये, तुम्हाला किती दिवस लागले? मी त्यांना उत्तरं दिली नाहीत. काय देणार, कपाळ?

पुढच्या आठवड्यात निनाद आणि गौतमी दुकानात आले, पेढे घेऊन. त्याची दाढी गुळगुळीत, तिच्या केसांत अबोली. तो उत्साहानं परत तेच, म्हातारी आणि खारट पाणी. मला ते सहन होईना. मी म्हटलं, "निनाद, तो शेवट मी बघितलेला नव्हता. मी तो मनानं रचला. तुझा गेम संपावा म्हणून." आणि सगळं सांगितलं, अभिरामचं नाव तेवढं सोडून.

गौतमीनं माझा हात घट्ट धरला. "वन्सं, चांगलं केलंत," ती म्हणाली. ती अगदी मनापासून म्हणाली.

निनादनं मात्र पेढ्याच्या खोक्याचं झाकण लावलं. मग म्हणाला, "म्हणजे पहिलं लिहिलेलं खरं होतं. आणि मी ते मानलं नाही."

"जाऊ दे रे आता. इथून पुढे मी परत खरं तेच लिहिणार."

"हो, पण ते मला कसं कळणार?"

"म्हणजे?"

"ताई, मी कसा आहे ते मला माहीत आहे. मला सगळेच गेम चांगले दिसतात. मला त्यातलं कळतच नाही. मी फक्त तुझं वाचायचो. तू घे म्हणालीस तर घ्यायचा, नको म्हणालीस तर तिकडे बघायचं नाही, संपलं. आता तू नको म्हणालीस तर मी म्हणणार, माझ्यासाठी म्हणतेय. घे म्हणालीस तरी माझ्यासाठीच म्हणतेय." तो रागात नव्हता. रागात असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. "तू माझ्यासाठी केलंस, ते कळतंय मला. पण आता मी विचारू कुणाला?"

गौतमी म्हणाली, "काहीतरीच काय हो, वन्संनाच विचारायचं." तो हसला आणि पेढ्याचा खोका माझ्यापुढे सरकवला.

पान मी बंद केलं नाही. गेम आणते, पूर्ण खेळते, खरं तेच लिहिते. वाचक वाढलेत. निनाद वाचतो की नाही ते मी विचारत नाही आणि तोही सांगत नाही. आता संपल्याचे फोन येत नाहीत.

परवा गौतमीचा फोन आला. आवाज नेहमीचाच, पण मला आता तिचा नेहमीचा आवाज चांगला कळतो.

"वन्सं, ह्यांनी नवीन गेम आणलाय. म्हणाले, ताईला विचारून आणलाय. विचारलं होतं ना?"

मला कुणी काही विचारलं नव्हतं. तिची सुटकेस त्यांच्या कपाटावर कुठे असते ते मला माहीत आहे. ती खाली यायला माझं एक 'नाही' पुरलं असतं.

"हो," मी म्हटलं, "विचारलं होतं."

"मग हरकत नाही. मला उगीच धडकी भरली हो. संपतो ना तो?"

"संपतो की. चांगला आहे," मी म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की गेमचं नावसुद्धा मी तिला विचारलेलं नाही.